दोनवर थांबलेला काटा

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत आलो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. एवढंच. दुसरं मोठं कारण काही नाही.

समोरासमोर असतो तर वऱ्हाडीत भडाभडा बोललो असतो. लिहायला बसलं की हात शाळेतल्या निबंधासारखा वळतो, आणि निबंधात माणूस चांगलाच निघतो — नाही का? म्हणून मध्येच अडखळलो तर अडखळू द्या. मला सरळ सांगता येत असतं तर हे सात वर्षांपूर्वीच सांगून मोकळा झालो असतो.

जळगाव जामोदच्या बाहेर, सातपुडा जिथून निळा दिसायला लागतो त्या बाजूला, पत्र्याचं एक शेड आहे. तिथे फायबरचा माल बनतो. पाण्याच्या टाक्या, संडासाची दारं, आणि विहिरींवरची झाकणं. झाकण दोन अर्ध्या चंद्रांचं असतं, मधल्या लोखंडी गर्डरवर दोन्ही अर्धी टेकतात. गावोगावच्या सार्वजनिक विहिरींवर आमचीच झाकणं आहेत. पांढरीशुभ्र, गुळगुळीत. मी तिथे सुपरवायझर होतो. डिप्लोमा झालेला आहे माझा, पण शेडमध्ये सगळे ‘इंजिनियर साहेब’ म्हणत, आणि मी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. खोटं बोलायला तिथूनच सुरुवात झाली म्हणा ना.

झाकण बनतं कसं, ते दोन ओळीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. साचा दोन भागांचा. खालच्या भागात काचेच्या धाग्याची चटई अंथरायची, वरचा भाग बसवून बोल्ट आवळायचे. मग एका टोकाने रेझिन आत ढकलायचं, हवेच्या दाबाने. रेझिन म्हणजे मधासारखा घट्ट रस, वास असा की डोकं धरतं. त्यात हार्डनर मिसळलेला असतो म्हणून तो थोड्या वेळात दगड होतो. साच्याच्या दुसऱ्या टोकाला दाबाचं मीटर. रस सगळीकडे पोचला, चटईत मुरला, की मीटरचा काटा चढतो. दोन किलोवर येऊन घट्ट होईपर्यंत तिथेच राहिला की नग पक्का. चढलाच नाही, किंवा चढून खाली आला, तर समजायचं की आत कुठेतरी चटई कोरडी राहिली. वरून काही दिसत नाही. वरून ते झाकण चांगल्या झाकणाइतकंच सुंदर असतं.

आता त्या मीटरला एक गळा असतो. त्या गळ्यात ग्रीस भरून ठेवावं लागतं, म्हणजे रस आत शिरत नाही. प्रत्येक नगानंतर मीटर काढायचं, गळा ॲसिटोनने धुवायचा, ताजं ग्रीस भरायचं आणि काटा शून्यावर आला का ते पाहायचं. पाच मिनिटांचं काम. आणि ते काम माझं होतं — दुसऱ्या कोणाचंही नाही.

शब्बीरभाईचं काम वेगळं. तो रस मिसळायचा, आणि नग साच्यातून निघाला की वाजवून पाहायचा. वाजवायला त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या घरी तीन पिढ्या कल्हईचा धंदा. भांडं हातात घेऊन टिचकी मारली की कुठे चीर आहे ते त्याचा बाप डोळे मिटून सांगायचा म्हणे. कल्हईचा धंदा बसला, आणि शब्बीरभाई आमच्याकडे आला. खिशातलं एक रुपयाचं नाणं काढायचा, झाकणावर वीतभर अंतराने ठोकत जायचा, आणि मान अशी तिरपी करायचा की जणू पलीकडून कोणीतरी बोलतंय. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पण मला साहेबच म्हणायचा. मी त्याची टिंगल करायचो. “शब्बीरभाई, टरबूज घेऊन राह्यले का?” सगळं शेड हसायचं, तोही हसायचा. पण नाणं काही खिशात जायचं नाही.

मला त्याचा राग यायचा — हे आजवर मी स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. मी मीटर पाहून तक्त्यात आकडा लिहायचो, आणि तरी लोक शब्बीरभाईने मान हलवल्याशिवाय नग उचलायचे नाहीत. मग डिप्लोमा कशाला केला मी, झक मारायला?

त्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. आमच्याकडचं मेचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, आणि माहीत नसेल तर सांगून कळणार नाही. संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावाची झाकणं चालू होती. सकाळचा पहिला नग झाला. काटा दोनवर, झकास. मीटर काढून धुवायला हवं होतं. ॲसिटोनचा डबा शेडच्या पार त्या टोकाला, वर पत्रा तापून कडकड वाजत होता. म्हटलं, पुढच्या वेळी धुऊ. पुढच्या वेळीही तेच म्हटलं. मी केबिनमध्ये पंख्याखाली बसायचो, रस भरून झाला की येऊन काट्याकडे एक नजर टाकायचो, आणि लिहायचो — दोन. पुन्हा दोन. पुन्हा दोन. सकाळपासून चार नग, चारही दोन.

बाराच्या सुमारास पाचवा नग साच्यात होता आणि लाईट गेली.

लाईट जाते तेव्हा शेडमध्ये काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं, असं वाटतं. रोजच जायची, पण त्या दिवशी सगळे जेवायला निंबाखाली गेलेले, आणि आत मी एकटा. कॉम्प्रेसर धापा टाकत टाकत थांबला. पंखा थांबला. इतकी शांतता झाली की कानात भुंगा फिरल्यासारखं वाटलं. दारातून ऊन आत आलेलं, आणि त्या उन्हात काचेच्या धाग्याची धूळ तरंगत होती. हलत नव्हती. मी हवेच्या टाकीचा नळ सोडला. फुस्स करून सगळी हवा गेली. पाईप लोळागोळा झाला. आता कुठेच दाब नव्हता. दाब करणारं काही चालूच नव्हतं.

आणि साच्यावरचा काटा दोनवर होता.

मी काचेवर टिचकी मारली. दोन. पान्याने मीटर सोडवलं, साच्यापासून वेगळं केलं, तळहातावर घेतलं. दोन. कशालाही जोडलेलं नाही, भर उन्हात माझ्या हातात पडलेलं एक मीटर, आणि ते मला सांगतंय की आत दाब आहे, भरपूर आहे, काळजी करू नका साहेब. कोणाच्या आत? मेलेल्या माणसाच्या मनगटाला नाडी लागावी तसं झालं मला. 

गळ्यात पाहिलं. सकाळच्या पहिल्याच नगाचा रस आत शिरून दगड झाला होता. बूच बसलं होतं. त्याच्यामागे पहिल्या नगाचा दाब अडकून पडला होता, आणि तेव्हापासून काटा तोच एक दाब दाखवत होता. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या नगात काय झालं, किती दाब होता, होता की नव्हता — हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. तक्त्यात मात्र माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

आता मी काय करायला हवं होतं? अगदी सोपं आहे. ते तीन नग आडवे कापून पाहायचे. मालकाला फोन करायचा की मीटर बंद पडलं होतं, माझं लक्ष नव्हतं. ते चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. बस. एवढंच झालं असतं हो.

मी स्टोअरमधून नवं मीटर आणून बसवलं. जुनं माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकलं. साच्यातला पाचवा नग लाईट गेली म्हणून वाया गेला असं सांगून फेकला. ते कारण आयतंच होतं. लोक जेवून आले तेव्हा मी तक्ता भरत बसलो होतो.

तासाभराने शब्बीरभाई केबिनच्या दारात आला. म्हणाला, सकाळचे तीन नग बरोबर नाहीत, त्यांच्यावर खडूने फुली मारून बाजूला ठेवलेत. मी विचारलं, काऊन? काय झालं? 

“साहेब, ते बोलून नाही राह्यले,” तो म्हणाला. “कडेले बोलते, मंधात मुके आहेत.”

कोणते तीन ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मी उठलो, तक्ता हातात घेतला, त्याच्यासोबत गेलो. तीन झाकणं शेडच्या भिंतीला टेकवून उभी होती, ऊन पडून पांढरी फटक. प्रत्येकावर निळ्या खडूची फुली. मी त्याला तक्ता दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं, आकडे मात्र कळायचे. बोट ठेवून दाखवलं — हे पाहा, दोन, दोन, दोन. मीटर खोटं बोलतं का शब्बीरभाई?  मग मी ॲसिटोनचा बोळा घेतला आणि माझ्या हाताने त्या फुल्या पुसल्या. सकाळपासून जो डबा मला लांब वाटत होता, त्याच डब्यातलं ॲसिटोन. चार वाजता टेम्पो आला. मी सांगितलं म्हणून शब्बीरभाईनेच ती उचलून गाडीत ठेवली.

हे एवढंच असतं तरी कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. माणूस निर्लज्ज असतो. पुढे ऐका.

पुढचा उन्हाळा आला. ती झाकणं बसवली त्या गावात वच्छलाबाई म्हणून एक म्हातारी होती. म्हातारी म्हणजे साठीची, पण कामाला खमकी. विहिरीचं झाकण पांढरं, गुळगुळीत, दिवसभर तापलेलं — कुरडया वाळवायला यापेक्षा चांगली जागा कुठली? गावातल्या बायका त्याच्यावरच वाळवण घालायला लागल्या होत्या. आम्हाला हे ठाऊक होतं, मालक तर गमतीने म्हणायचे की पुढच्या झाकणावर कुरडयांचं चित्र काढू. वच्छलाबाईने सकाळी दहाला कुरडया घातल्या आणि कावळे हाकलायला ती तिथेच बसली. बारा वाजायच्या आत घरी निघायचं म्हणून घाईने कुरडया उलथवायला झाकणावर चढली. मधोमध गेली, आणि झाकण मोडलं.

ती पडली ते कोणी पाहिलं नाही. उन्हात गाव झोपलेलं होतं. विहिरीत कंबरभर पाणी होतं म्हणून जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. ओरडून ओरडून आवाज बसला. मग तिने काय केलं — झाकणाचा तुकडा तिच्यासोबत खाली पडला होता, तो पाण्यावर तरंगत होता. विहिरीच्या बांधकामातला एक सुटा दगड तिने हातात घेतला आणि त्या तुकड्यावर ठोकायला लागली. ठक. ठक. ठक. थांबायची, आणि पुन्हा.

आणि गावाने ते ऐकलं. ही गोष्ट मला सगळ्यात आधी सांगितली त्या गावच्या कोतवालाने, मान खाली घालून. जवळच्या पाच-सहा घरांत आवाज स्पष्ट येत होता. पण भर बाराला विहिरीवर कोणी जात नाही आमच्याकडे. तो आसरांचा वेळ. पाण्यातल्या सात बाया त्या वेळी वर येतात, आणि हाक आली तर ओ द्यायची नाही, हे आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. लोकांनी दारं लावून घेतली. वच्छलाबाईची सून, तिनेही ऐकलं. सासू शेजारी गेली असेल असं समजून होती ती. तिने पोराच्या कानांवर हात ठेवले आणि उंबऱ्यावर मीठ टाकलं. तीन वाजेपर्यंत तो आवाज येत होता. मग शेळ्या घेऊन एक माणूस पाण्याला आला, त्याने वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मालक आणि मी गेलो. ती खाटेवर होती, जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायची गाडी यायची होती. मालकांनी हात जोडले. ती त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती. काऊन, ते मला अजून समजलेलं नाही.

“मी ठोकून राह्यली होती बावा,” ती म्हणाली. “मले वाटे, आता येईन कोणी. मंग वाटलं, मीच मेली असन, म्हणून ऐकू जाऊन नाही राह्यलं.”

बाहेर मोडलेलं झाकण काढून ठेवलं होतं. मालक लोकांशी बोलत होते तेव्हा मी एकटा गेलो आणि तुटलेली कड पाहिली. मधली चटई पांढरी, कोरडी. बोटाने ओढली तर धागा सुटून हातात आला. रस तिथवर पोचलाच नव्हता. मी तुकडा उलटा केला. खालच्या खडबडीत बाजूला, जिथे माझा बोळा फिरला नव्हता, निळ्या खडूची एक पुसट रेघ होती. त्याने दोन्ही बाजूंनी फुली मारली होती. मला ते माहीतच नव्हतं.

इथे एक गोष्ट तुम्हाला समजून घ्यावी लागेल, कारण माझं खरं पाप इथून सुरू होतं. हार्डनर कमी पडला तर माल चिकट राहतो, ओलसर राहतो. दाब कमी पडला तर चटई कोरडी राहते. हा फरक फायबरच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मालकांना सांगता येत नव्हता, ते आधी सिमेंटच्या धंद्यात होते. शब्बीरभाईला सांगता आला असता. त्याने तो तुकडा एकदा हातात घेतला असता तर सगळं संपलं असतं. म्हणून मी मालकांना म्हटलं, हा तुकडा कशाला न्यायचा, शेडमध्ये ठेवला तर पोरं घाबरतील. तो गावातच राहिला, आणि मालकांनी उतरवायला लावलेली त्या खेपेची बाकीची झाकणंही.

दोन दिवसांनी शेडमध्ये बैठक झाली. मालक, सरपंच, मी, आणि दाराशी उभा शब्बीरभाई. तक्ता टेबलावर. मालकांनी बोट फिरवलं. दोन, दोन, दोन. मीटर तपासलं, ते नवंच होतं, एकदम बरोबर चालत होतं. मालक म्हणाले, दाब बरोबर होता, मग चुकलं काय?

कोणी मला धरलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, हे तुम्हाला सांगतो. माझ्याकडे कोणी बोट दाखवत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना? मीच तोंड उघडलं.

“हार्डनर कमी पडला असन,” मी म्हटलं. “मिसळताना.”

असन म्हटलं. पडलाच असं म्हटलं नाही. त्या एका ‘असन’च्या आडोशाला मी आजवर बसलेलो आहे.

सगळ्यांनी शब्बीरभाईकडे पाहिलं. मला वाटलं आता तो बोलणार — फुल्यांचं, तक्त्याचं, बोळ्याचं. मी तयारही होतो. मनात उत्तर रचून ठेवलं होतं की फुली मारली होती तर गाडीत काऊन चढवलं? पण त्याने फक्त स्वतःचे दोन्ही तळहात वर केले आणि त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मालकांना सलाम केला, टांगलेला सदरा घेतला आणि निघून गेला. मालकांनी त्याला काढलं नाही हं, तोच आला नाही. नाणं त्याने कॉम्प्रेसरवर ठेवलेलं होतं. ते कोणी उचललं नाही, कंपनाने सरकत सरकत कधीतरी खाली पडलं असेल.

त्यानंतर मला ते ऐकू यायला लागलं.

भूतबित मी मानत नाही. मी यंत्रावरचा माणूस आहे. दुपारी लाईट गेली, कॉम्प्रेसर थांबला, की रचून ठेवलेल्या मालातून आवाज येतो. ठक. मग थोड्या वेळाने पुन्हा, ठक. फायबर तापतं, निवतं, सरकतं, त्याचा तो आवाज. मी नव्या पोरांनाही हेच समजावतो. पण एकदा मी उठून रचलेल्या एकेका झाकणाला कान लावत गेलो, आणि ज्याला कान लावला ते गप्प, शेजारचं वाजायचं. त्याला लावला की आणखी पलीकडचं. भिंतीपर्यंत गेलो. भिंतीला कान लावला. मागे वळलो तर जेवण करून आलेली सगळी माणसं दारात उभी राहून मला पाहत होती. कोणी हसलं नाही.

ते जुनं मीटर माझ्या घरी कपाटात आहे. फेकून का देत नाही, विचारू नका. वर्षातून एकदा काढून पाहतो. पोरीने एकदा विचारलं, “बाबा, हे घड्याळ बंद पडलं काय?” मी हो म्हटलं. काटा अजूनही दोनवर आहे. आत त्या सकाळचा दाब कोंडलेला आहे, जसाच्या तसा. बूच खिळ्याने फोडलं तर एका क्षणात फुस्स होईल आणि काटा शून्यावर येईल. मी खिळा हातात घेतलेला आहे, दोनदा. आणि परत ठेवलेला आहे.

तुम्ही म्हणाल, झालं का सांगून? नाही. अजून मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. बघा, किती फिरवून राह्यलो मी.

दोन वर्षांपूर्वी एका टाकीच्या तक्रारीसाठी डोणगावला गेलो होतो. इथून डोणगाव म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, मेहकरकडे. काम आटोपून बसची वाट पाहत बाजारात फिरत होतो. बाजाराचा दिवस होता. एका कोपऱ्यात पोतं अंथरून, कुकरच्या शिट्ट्या, रबरं, स्टोव्हच्या पिना मांडून शब्बीरभाई बसला होता. पोरगी दिली होती तिथे, तिच्याकडे येऊन राहिला होता. दाढी पांढरी झालेली. मी वळणार होतो, पण त्याने पाहिलं आणि उठला. खरंच उठला हो, गुडघ्यावर हात देऊन. “इंजिनियर साहेब!” बसायला स्वतःचा डबा उलटा करून दिला.

एक बाई कुकर दुरुस्त करून न्यायला आली. त्याने काम चांगलं केलं होतं, मी पाहत होतो. पण तो तिला म्हणाला की घरी नेऊन आधी नुसतं पाणी घालून पाहा, लगेच डाळ लावू नका, माझ्या हाताचा भरवसा धरू नका. वाजवून पाहिलं नाही त्याने. कुकर तिच्या हातात देताना कडेला बोटही लागू दिलं नाही.

बाई गेली. मग तो माझ्याकडे सरकला. इकडचं तिकडचं विचारलं, मालक कसे, शेड कसं. मग पोत्यावरची रबरं सारखी करत बसला. मला कळलं होतं तो काय विचारणार. उठून जाता आलं असतं, बस लागलेलीच होती.

“साहेब, एक गोष्ट विचारू? खरं सांगजा,” तो म्हणाला. “कानाले माह्या कळलं होतं, म्हणून तं फुली मारली. पण ते तसं काऊन झालं, ते नाही समजलं. हार्डनर मी मोजूनच टाकला होता. मले तं मोजूनच टाकल्यासारखं याद आहे. पण आदमी म्हटलं की भूलचूक. तुमी काटा पाहत होते. माह्याच हातून झालं ना ते?”

भर बाजारात बसलो होतो आम्ही. मिरच्यांचा ठसका, भोंगा, माणसं. पण मला आवाज आला नाही कशाचाच. त्या दुपारी शेडमध्ये झाली होती तशी शांतता. तो माझ्याकडे पाहत होता, आणि मान किंचित तिरपी केली होती त्याने — झाकणाला लावायचा तसा कान माझ्याकडे लावून.

मी म्हटलं, “हाव.”

एवढंच. हाव, म्हणजे हो. इथे कोणता मालक होता, कोणता सरपंच होता? नोकरी जायची भीती नव्हती, पोलीस नव्हते. समोर एक म्हातारा होता आणि त्याने खरं मागितलं होतं. शेडमध्ये तरी मी घाबरलो होतो असं म्हणता येईल. इथे मी घाबरलोही नव्हतो. मला फक्त त्याने माझ्याकडे पाहणं थांबवायला हवं होतं.

आणि त्याने काय केलं माहीत आहे? त्याने सुस्कारा सोडला. खांदे खाली आले त्याचे. म्हणाला, बरं झालं साहेब, तुम्ही सांगितलं. मग हळूहळू सांगायला लागला. तो गेला होता त्या गावाला, वच्छलाबाईकडे. शेड सोडलं त्याच साली, ईदनंतर. तिच्या खाटेपाशी खाली बसला आणि म्हणाला की माय, तुझं झाकण मी बनवलं, चूक माझ्या हातची, माफ कर. तिने आधी तोंड फिरवलं. मग बऱ्याच वेळाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सुनेला चहा करायला सांगितलं. तेव्हापासून दर साली तो तिला भेटायला जातो. ती काठीवर चालते, पण चालते.

“पण मनात खुटखुट होती,” तो म्हणाला. “वाटे, चूक माही नसनच, तं माफी झूठी मागितली म्या. त्या माउलीले फसवलं. आता बरं वाटलं. तुमचा अहसान झाला साहेब.”

त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यालो. पुरता प्यालो, बशीत सांडलेलाही.

त्यानंतर मी वच्छलाबाईकडे गेलेलो नाही. जाऊन काय सांगणार? माझ्या चुकीची माफी तिने देऊन टाकली आहे, दुसऱ्याच माणसाला. डोणगावलाही गेलो नाही. आमच्या स्टँडवरून मेहकरची बस मिळते, तिथून पुढे फार लांब नाही. मी बदली मागितली नाही, नोकरी सोडली नाही. आता शेडचा मॅनेजर आहे. दाबाचा तक्ता माझ्याच सहीने जातो.

शब्बीरभाई अजूनही बाजाराच्या दिवशी डोणगावला बसतो, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगतो की माझ्या हाताचा भरवसा धरू नका.